डावीकडचा दिवा

१७ जुलै, शुक्रवार

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही सगळे ठीक आहोत, भावोजींनाही सांग. तुझं पत्र मिळालं. हल्ली चहा ओतताना बाबांसारखं कपात बोट घालून बघतेस आणि लेक तुला हसते, ते वाचलं. त्याबद्दल पुढे लिहिते, आधी माझं ऐक. आणि बारकीने आज अक्षर एवढं मोठं का काढलंय, जाड पेन कशाला घेतलंय, असं लगेच सुरू करू नकोस. फोनच करणार होते, पण पहिल्याच वाक्याला रडले असते आणि मग तू मला बोलूच दिलं नसतंस.

काम भरपूर आहे. लोकांना वाटतं फोटो काढते म्हणजे नटनट्यांचे काढत असेन. कसलं काय! माझ्या नशिबी बादल्या, साबण आणि इस्त्र्या. पण खरं सांगू, त्यातच मला मजा येते. परवा साबणाच्या वडीमागे टॉर्च धरला, तर वडी आतून मधासारखी उजळली. पिठाची चाळण दिव्यासमोर टांगली आणि साध्या निळ्या बादलीवर चांदणं पडलं. नवरा म्हणतो, "स्वयंपाकघरातली चाळण गायब झाली की समजावं, आज कुठल्या तरी बादलीचं भाग्य उजळलं."

बघ, मी पुन्हा गप्पाच मारतेय. सांगायचं ते राहतंय.

गेल्या महिन्यात पाण्याच्या काचेच्या जगचं काम होतं. दोन्ही बाजूंना दिवे लावले आणि फोटो काढत सुटले. जाहिरातवाल्या बाई कॉम्प्युटरपाशी बसल्या होत्या, त्या एकदम ओरडल्या, "अगं बाई! अर्धा जग अंधारात आणि एका कडेला नुसती उजेडाची रेघ! डावा दिवा मुद्दाम बंद ठेवलास ना?"

मी मान वळवून बघितलं. डावा दिवा बंद होता. कधी बंद पडला, देव जाणे. हात लांब केला तर लागेल एवढ्यावर होता गं, आणि त्या बाजूला अंधार झालाय हे मला कळलंच नव्हतं.

"हो, मुद्दाम," मी म्हणाले. वेळ मारून नेली.

तो फोटो इतका आवडला की आता ज्याला त्याला तसाच हवाय. बाई सगळ्यांना सांगतात, हिच्या डोक्यात काय काय कल्पना येतात! मी नुसती हसते. मग आठ दिवसांनी डावीकडच्या स्टँडला धडकले, दिवा खाली पडून फुटला. तेव्हाही म्हणाले, पाय घसरला.

बाबा आठवतात? कपात बोट घातलं म्हणून आई ओरडली की म्हणायचे, "मुद्दाम घालतो, चहा किती गरम आहे ते कळतं." दाराच्या चौकटीला खांदा आपटला की, "मुद्दाम, चौकट पक्की आहे का बघत होतो." आपण दोघी हसून हसून लोळायचो. वय झालं, असंच सगळे म्हणत राहिले. मग एक दिवस तू समोर उभी असताना त्यांनी विचारलं, "कोण आहे?" त्यानंतर कुणी हसलं नाही.

तुझं पत्र आलं नसतं, तर मी डॉक्टरांकडे गेलेच नसते. ते कपातलं बोट वाचलं आणि बाबाच डोळ्यांपुढे आले. दुसऱ्याच दिवशी गेले. तिथे एका मशीनमध्ये तोंड घालून बसवतात. ठिपका चमकला की बटण दाबायचं. मध्येच बराच वेळ काही चमकेना. मी म्हटलं, "डॉक्टर, मशीन बंद पडलंय वाटतं." मशीन चालूच होतं.

काचबिंदू आहे, ताई. बाबांनाही तोच असणार. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेने नजर खात येतो. गेलेलं परत येत नाही. औषधाचे थेंब रोज घातले तर उरलेलं टिकायची आशा आहे. घरात एकाला असला की भावंडांनाही असू शकतो म्हणे. डॉक्टरांनी विचारलं, "सख्खं कुणी आहे?" मी म्हटलं, "मोठी बहीण आहे." तिथेच ठरवलं, तुला लिहायचं.

मी भित्री, तुला माहीतच आहे. लाइट गेले की तुझ्या फ्रॉकचं टोक धरून चालायचे. तू पुढे आहेस म्हटल्यावर मला पुढचं दिसायची गरजच नसायची. आता माझ्यासाठी भीती वाटतेच, पण तुझ्यासाठी जास्त वाटते. माझं किती गेलंय ते कागदावर काढून मिळालं, तुझं कुणी बघितलेलंच नाही.

याच आठवड्यात जा. भावोजींना बरोबर घे. मुद्दाम बोट घालते, असं मात्र मला सांगू नकोस.

आणि उत्तर लिहिशील तेव्हा आधी एवढंच लिही. हे पत्र तू स्वतः वाचलंस, की लेकीकडून वाचून घेतलंस?

तुझ्या फ्रॉकचं टोक अजून न सोडलेली,
बारकी