गाडी थांबवायचा हात

सौ. कस्तुरास,

जमिनीखालून सुखरूप वर येऊन पुण्याहून आशीर्वाद.

माह्या गुडघ्याची काळजी करू नको, इथं जिनेबी आपोआप चालतात. काल आपल्या गणेशनं मले नवी भुयारी मेट्रो दाखवली. गाडी येताना दिसली अन् सवयीनं माहा हात वर गेला. आपली कारंज्याची छोटी गाडी हात दाखवला की थांबे ना, तसाच! फलाटावरच्या कॉलेजच्या पोट्ट्या हसल्या. गणेश लाजून दूर जाऊन उभा राह्यला.

गाडी झकास आहे, खोटं कायले बोलू? पण अख्ख्या डब्यात एक माणूस तिच्याकडं पाहून राह्यला नव्हता. सारे मोबाईलमंदी! असा जीव जळला माहा. या लोकायसाठी जमीन पोखरून गाडी आणली, अन् आपली जमिनीवरची होती, ते बी राह्यली नाही.

म्हैस दूध बरोबर देते ना? राखीचा सासरहून फोन आलता का?

अन् एक सांगतो. घरामागच्या रुळावर लुगडं पसरून तू मिरच्या वाळवून राह्यली असशील. त्या उचल. गाडी येणार नाही, हे मलेबी समजते. तरी रूळ मोकळे ठेव.

दौलतराव