वजनं खाली येत नाहीत

४ डिसेंबर, गुरुवार
जुमेरात बाजारातून भिंतीवरचं जुनं घड्याळ आणलं. साखळ्यांना दोन पितळी वजनं. किल्ली नाही, सेल नाही; वजनं हळूहळू खाली येतात, त्या ओढीवर चालतं. सध्या बंद आहे. विकणारा म्हणाला, नवाबसाब के ड्योढी का माल है, म्हणजे नवाबाच्या वाड्यातला. चेहरा खानदानी होता (विकणाऱ्याचा). मंगलाने विचारलं, ठेवणार कुठं. बायकोला पहिला प्रश्न हाच सुचावा. रिटायर झाल्यापासून या घरात मला विचारून काही चालत नाही. माझ्या हाताने चालणारी एक वस्तू असावी, बस.

७ डिसेंबर, रविवार
मशीन खोलून धुतलं. नामदेवराव (रेल्वेतले जुने दोस्त, इथंच तारनाक्याला मागच्या गल्लीत) म्हणाले, आबिड्सला घड्याळाचं खास तेल मिळतं. नक्को म्हणालो. घाण्याचं शुद्ध खोबरेल घातलं, सढळ हाताने. संध्याकाळी चालू. टोलेसुद्धा. मला माझा अभिमान वाटला.

१० डिसेंबर
पहाटे बंद. थंडी फार. बाटलीतलं खोबरेल गोठलं म्हणून मंगलाने ती उन्हात ठेवली. घड्याळाचं कारण मात्र सापडत नाही. दुपारी बोट लावताच सुरू.

१३ डिसेंबर
रोज पहाटे तेच. टोल्यांनी झोप मोडते, असं मंगला परवा म्हणाली होती. आता लक्षात आलं. घरचाच भेदी. चहाच्या वेळी सरळ विचारलं. ती म्हणाली, मी हात लावला नाही. आवाज शांत होता. गुन्हेगारांचा असतोच.

१६ डिसेंबर
काल घड्याळाच्या दाराला दोरा बांधून ठेवला. सकाळी दोरा जसाच्या तसा, घड्याळ बंद. म्हणजे बाईला गाठी फार चांगल्या येतात. तसं बोलूनही दाखवलं. ती दिवसभर जेवली नाही. नाटक.

१८ डिसेंबर
मुलाकडे, कौस्तुभकडे पुण्याला निघालो. मंगला गुडघ्यामुळे येत नाही. बजावलं, घड्याळाला हात नाही. नामदेवरावांना लक्ष ठेवायला सांगितलंय. विश्वासाचा माणूस तेवढा एकच.

२४ डिसेंबर
परत आलो. चालू! पहाटेसुद्धा. तेल मुरलं असणार. मंगला आज गालात हसली. पश्चात्ताप असेल. मोठ्या मनाने विषय काढला नाही.

२ जानेवारी
एक मिनिट मागे नाही, पुढे नाही. टोले बंद झालेत, मशीनला शिस्त लागली. मुख्य म्हणजे वजनं इंचभरही खाली आलेली नाहीत. घर्षण संपूर्ण संपलंय. साखळी ओढायची गरजच नाही. असं ऐकलं नव्हतं कुठं. नामदेवरावांना सांगितलं तर खिडकीबाहेर बघत बसले. जळतात.
रेल्वेतल्या जुन्या मंडळींना पुढच्या आठवड्यात रविवारी चहाला बोलावतो. प्रात्यक्षिक आणि छोटं भाषण.

११ जानेवारी, रविवार
भाषण रंगात आलं होतं. वजनांकडे बोट दाखवलं आणि काटा थांबला. नामदेवरावांनी शांतपणे खिशातून पेन्सिल सेल काढला. मंगलाने मागचं झाकण उघडलं. सर्वांसमोर. मी पुण्यात असताना दोघांनी जुनं मशीन काढून सेलचं बसवलं होतं. पहिला सेल जुनाच होता म्हणे. कौस्तुभलाही माहीत होतं. नवराबायकोच्या घरात कटकारस्थान! मंडळी जाईपर्यंत हसत उभा राहिलो, मग सेल उपटून फेकला.
मंगला म्हणाली, रोज सकाळी चोर म्हणवून घ्यायचा कंटाळा आला होता. जुनं मशीन डब्यात आहे, त्यावरचं तेल तुपासारखं थिजलं होतं. म्हणे.

१२ जानेवारी
अबोला. घर फार गप्प वाटतं. शेवटी ती अंघोळीला गेल्यावर कोपऱ्यातून सेल शोधला, माझ्या हाताने बसवला. काटा हलेना. पहिला संशय मंगलावरच गेला.
ती केस पुसत आली, सेल काढला, सुलटा करून बसवला आणि चहा टाकायला गेली. दोन कपांचा.