न्हाय म्हणायचं न्हाय

मुरुम. पौष, सोमवार, दिवेलागणीनंतर.

दुकान हाती देताना अप्पांनी बजावलं होतं, गिऱ्हाइकाला ‘न्हाय’ म्हणायचं न्हाय, लक्ष्मी उंबऱ्यावरून माघारी फिरते. माल नसला तर म्हणावं, ‘उद्या या.’

लढाईमुळं घासलेट कधी येईल कुणाला ठाऊक! तरी सखूमावशीला मी आठवडाभर ‘उद्या या’ असंच सांगत राहिलो. लेक बाळंतपणाला आलेली, म्हणून ती रोज रिकामी बाटली घेऊन यायची.

आज आली ती पायरीवरच बसली. म्हणाली, “मालक, लेक अंधारात बाळंत झाली. सुईणीनं चाचपत नाळ कापली. तुमी न्हाय म्हनला असता, तर म्या घासलेटासाठी उमरग्याला गेले असते.”

घरच्या कंदिलापुरतं होतं की माझ्याकडं! पण घरचं आणि दुकानचं मिसळायचं न्हाय, हाही अप्पांचाच नियम. कसला डोंबलाचा नियम? त्याच कंदिलापाशी बसून हे लिहितोय.

आणि खरी लाज तर पुढंच. उठताना तिनं विचारलं, “आज तरी हाय का?”

माझ्या तोंडून निघालं, “उद्या या, मावशी.”

‘बरं’ म्हणाली. बाटली उचलून गेली.