कोपऱ्यातल्या खोलीचा पांढरा

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे तूर्त मनातल्या मनात). ऑपरेशन झालेला डोळा कसा आहे? थेंब वेळेवर घालतेस ना? तुझी थाप मला इथूनही कळते. दुसऱ्या डोळ्याचं मात्र, एकटीने कसं निभवायचं म्हणून, तू पुढे ढकलते आहेस असं ऐकलं.

इकडे कोपऱ्यातली खोली रंगवायला काढली आहे. दुकानदाराने दोन डबे दिले, एक सायीचा पांढरा आणि एक शिंपल्याचा पांढरा. रंगारी भिंतीवर दोन पट्टे ओढून गावाला गेला तो गेलाच. मग आठ दिवस आम्ही नवरा-बायको त्या पट्ट्यांपुढे उभे. ही म्हणे डावा उबदार आहे, मी म्हणे डावा आजारी दिसतो. संध्याकाळी दिवा लावला की मला हिचं पटायचं, पण तोवर ही माझ्या बाजूला आलेली असायची. शेजारचे निवृत्त मास्तर तोडगा काढायला आले आणि चहा पिऊन तिसराच रंग सुचवून गेले. लेकीचं लग्न ठरवतानासुद्धा आम्ही इतके भांडलो नव्हतो.

परवा रंगारी परतला. डबे अजून उघडलेलेच नव्हते. डावीकडे त्याने लांबी भरली होती (भिंतीची भोकं बुजवतात ती) आणि उजवीकडे प्रायमर मारला होता. "रंग अजून लावलाच नाही की," तो म्हणाला. ही स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आलीच नाही.

तेव्हा तू आठवलीस. माझं कॉलेज सुटू नये म्हणून शिंप्याकडचे सदरे आणून तू काजं करायचीस. पांढऱ्यावर पांढरा दोरा, पण टाका कधी चुकला नाही. ते डोळे माझ्या शिक्षणापायी झिजले, ताई. तोंडाने कधी बोललो नाही, म्हणून लिहितो.

तुझाच,
धाकटा

ता. क. नव्या डोळ्याला सगळं लख्ख दिसतं आणि जुन्याला पिवळट, असं तू कळवलंस. म्हणजे या कामाला तुझ्याइतकं लायक माणूस नाही. रंग निवडायला ये, आणि आलीच आहेस तर दुसरं ऑपरेशन इथेच उरकू. 'तुम्हाला कशाला त्रास' असं लिहिलंस तर पत्र न वाचता परत पाठवीन.

वन्सं, हे मी लिहिते आहे, ते टपालाची तिकिटं शोधताहेत. खोली ऑपरेशनपुरती नाही, कायमची तुमचीच आहे. हे सरळ सांगायला यांची जीभ रेटत नाही, म्हणून भिंतीचं निमित्त. रंग निवडायचा उरलेला नाही. सायीचा पांढरा मी कालच लावून घेतला. यांना तो अजून प्रायमरच वाटतोय.