बाबांची दाढी, खालच्या बाकावर

आई, परवा बँकेच्या रांगेत माझ्यापुढचा गृहस्थ स्कूटरच्या किल्लीने कान कोरत होता. कोरून झाल्यावर त्याने किल्ली नीट निरखून बघितली, पँटला पुसली आणि खिशात टाकली. मला तुझी इतकी आठवण आली की हसू आवरेना. तू असतीस तर त्याला काही बोलली नसतीस. नुसती बघत राहिली असतीस, तो ओशाळेपर्यंत. ती नजर मी लहानपणी पुष्कळ वेळा झेललीय. आता शेअर रिक्षात मुली मोबाइलमध्ये बघून डोळ्यांना लायनर लावतात. रिक्षा नवघरच्या खड्ड्यांतून उडत असते आणि त्यांची रेघ जराही हलत नाही. मला त्यांचं कौतुक वाटतं. तू म्हणाली असतीस, "हिच्या घरचा आरसा फुटला काय?"

तुझा नियम सोपा होता. केस, कुंकू, नखं, पदराची पिन, जे काय असेल ते उंबऱ्याच्या आत. एकदा चप्पल पायात घातली की हात तोंडाकडे न्यायचा नाही. मावशीच्या मुलीच्या लग्नात मी हॉलमधल्या पाण्याच्या स्टीलच्या पिंपासमोर उभी राहून बट सारखी करत होते, तर तू मागून येऊन हळूच म्हणालीस, "लोक पाणी पितात त्यातलं. तुझं तोंड नको त्यांना." आणि पुढे गेलीस, कुणाशी तरी हसत बोलायला. मी दिवसभर त्या पिंपाच्या बाजूला फिरकले नाही. तहान लागली होती तरी.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तुझ्या गाळ्यावर डबा घेऊन यायचे ते अजून डोळ्यांसमोर आहे. भांड्यांचा तो छोटासा कारखाना, आत पॉलिशची मशिनं घरघरतायत, आणि दाराजवळ तुम्ही बायका ताटं कागदात गुंडाळून खोक्यांत भरताय. पॉलिशची काळी भुकटी सगळीकडे उडते. संध्याकाळपर्यंत तुमच्या कपाळावर, नाकपुड्यांत, नखांत तीच. चहूबाजूंना आरशासारखी ताटं, पण त्यांत कुणी तोंड बघत नाही, कारण बोटाचा डाग पडला की ताट परत मशिनवर जातं आणि शेठ ओरडतो. काम सुटलं की दोघी जणी एक उघडं खोकं आडवं धरतात आणि तिसरी त्याच्या मागे नळावर तोंड धुते, केस विंचरते, कुंकू लावते. धरणाऱ्या दोघी दुसरीकडे बघत गप्पा मारतात. मग पाळी बदलते. मी एकदा खोक्यावरून डोकावले तर तू ओल्या हाताने माझा कान धरलास. "बायका आवरतायत ना तिथे?" तू म्हणालीस, जणू मी देवळात चप्पल घालून आलेय. पंधरा-वीस मिनिटांनी तुम्ही सगळ्या रस्त्याला लागायचात तेव्हा वाटायचं, या बायका हळदीकुंकवाहून परत निघाल्यात.

मला पहिली नोकरी लागली तेव्हा तू मला झाकणाचा छोटा आरसा दिलास. वर गुलाबाचं फूल होतं. "पर्समध्ये ठेव," म्हणालीस, "पण चारचौघांत काढू नकोस." मी विचारलं, मग देतेस कशाला? तू जरा विचार केलास आणि म्हणालीस, "असलेला बरा." तो आरसा मी सगळ्या नोकऱ्यांत बाळगला. फार वेळा काढला नाही.

बाबांनी मात्र तुझं ऐकलं नाही, सुरुवातीला तरी. नवघरच्या चाळीत त्यांनी गॅलरीत खिळा ठोकला होता, त्यावर आरसा. खांद्यावर टॉवेल, तोंडाला फेस, आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाशी बोलणं. अर्धी दाढी झाली की ते रत्नागिरीच्या गप्पा सुरू करायचे आणि फेस वाळून जायचा. तू आतून म्हणायचीस, "अख्ख्या चाळीला फेस दाखवायलाच हवा का?" ते म्हणायचे, "चाळीत परकं कोण आहे गो?" मग एकदा मासे घेऊन येणारी कोळीण टोपली उतरवताना मोठ्याने म्हणाली, "ताई, तुजा मालक आज अर्धा पांढरा, अर्धा काला हाय! कुठला अर्धा ठेवतंस?" सगळी गॅलरी हसली. बाबा सगळ्यांत जास्त हसले. तू हसली नाहीस. त्या दुपारी तू स्वतः पक्कड घेऊन खिळा उपटलास आणि आतल्या खोलीत, मोरीच्या वर ठोकलास. तिथे उजेड नव्हता. बाबा पुढे कितीतरी वर्षं कापलेल्या हनुवटीवर कागदाचा कपटा चिकटवून कामावर गेले.

तेव्हा मला वाटायचं, तुला लोकांची भीती आहे. आता वाटतं, बाबांना कुणी हसलेलं तुला चालत नव्हतं. ते स्वतःच हसले तरीसुद्धा.

हे सगळं आत्ता सांगायचं कारण बाबा. तू गेल्यावर ते चांगले खंबीर राहिले, भाजी आणायचे, माझ्या मुलाला शाळेत सोडायचे. आता ते माझ्याकडेच असतात, आणि गेल्या दोन-अडीच वर्षांत एकेक गोष्ट त्यांच्या हातातून सुटत चाललीय. जेवलो का ते आठवत नाही. मला ओळखतात, पण मी कधी लग्न झालेली बाई असते, कधी शाळेतली पोर. हे सगळं मी निभावून नेत होते. दाढीपाशी अडलं. घरात त्यांना ब्लेड दिसलं की ते तोंड फिरवतात. घरी न्हावी बोलावला, तर त्याचा हात धरून म्हणाले, "कोण तुम्ही? आत कसे आलात?" माझ्या नवऱ्याने प्रयत्न केला तर रडायलाच लागले. दाढी वाढली, त्यात वरणभात अडकायला लागला, खाली कातडी लाल झाली, खाजवून खाजवून रक्त. डॉक्टर म्हणाले, चेहरा स्वच्छ राहायलाच हवा, नाहीतर ही जखम चिघळेल. सांगणं सोपं होतं त्यांना.

मग एका सकाळी मी त्यांना खाली बिल्डिंगच्या आवारात बाकावर उन्हाला बसवलं होतं. समोर फाटक, दूधवाला, शाळेची व्हॅन, कामाला निघालेल्या बायका. बाबांनी अचानक हनुवटीवर हात फिरवला आणि म्हणाले, "पाणी आण." मी आधी प्यायचं पाणी आणलं. त्यांनी त्यात बोटं बुडवून गालाला लावली. मी धावत वर गेले, ब्रश, साबण, रेझर घेऊन आले. आई, ते इतके शांत बसले. गाल फुगवून दिला, नाक वर धरलं, मान वळवली, सगळं आपोआप. मी त्या बाकाशी उकिडवी बसून, चारचौघांत, माझ्या बापाची दाढी केली. माझी मान सारखी वर जात होती. तू वरच्या खिडकीतून बघतेयस असं वाटत होतं म्हणून.

तेव्हापासून दर रविवारी खाली. जखमा भरल्या. गाल पुन्हा तुझ्या वेळचे दिसायला लागले. आणि मग सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, नाव न घेता, की सामाईक जागेत वैयक्तिक स्वच्छता करू नये. खाली पाच-सहा अंगठे. संध्याकाळी सेक्रेटरी स्वतः आले. भला माणूस आहे. दारातच उभे राहून म्हणाले, "मॅडम, बुरा मत मानना. अंकल के लिए रिस्पेक्ट है. लेकिन आज दाढी, कल कोई मेहंदी लगाएगा, परसों कोई पेडिक्योर. घर पे कर लो ना." मी हो म्हटलं. भांडायला माझ्याकडे काही नव्हतं, कारण ते जे बोलत होते ते तुझंच होतं, फक्त हिंदीत.

पुढच्या रविवारी घरात प्रयत्न केला. गॅलरीत खुर्ची टाकली, पडदा ओढला, गरम पाणी, नवीन साबण. त्यांनी माझं मनगट धरलं ते सोडेचनात. त्या वयात एवढी ताकद कुठून येते कळत नाही. "नको, नको," एवढंच. साबणाचं पाणी सांडलं, मी पण ओरडले. मग दोघं तसेच बसून राहिलो, ते अर्ध्या फेसात, मी ओल्या गाउनमध्ये. पुढच्या आठवड्यात हनुवटीखाली पुन्हा लाल व्हायला लागलं.

तक्रार तळमजल्यावरच्या गुजराती बेनची होती, हे मला तिच्याच तोंडून कळलं. मी तिच्या दाराशी गेले आणि काय होतंय ते सरळ सांगितलं. ती पीठ मळत होती, हात तसेच घेऊन बाहेर आली. "अरे, मुझे अंकल से प्रॉब्लेम नहीं है," म्हणाली, "बाल से है. हवा आती है ना, सीधा मेरे किचन में. परसों रोटी में से निकला. सफेद. घर में सबके काले हैं, तो मैं समझ गयी!" मला इतकी लाज वाटली. मी बाकाभोवती झाडून घ्यायचे, पण वाऱ्याचा विचार केलाच नव्हता. बाक तिच्या खिडकीपासून हाताच्या अंतरावर. मी माफी मागितली आणि तीच मला हाताला धरून, माझ्या मनगटाला पीठ लावत, आवाराच्या दुसऱ्या टोकाला घेऊन गेली. पंपरूमची भिंत. "इधर बैठाओ. हवा उधर जाएगी, नाले की तरफ. और नीचे पेपर बिछाओ. और पानी गटर में, टाइल्स पे नहीं." सेक्रेटरींना तिनेच फोन लावला. त्यांनी एकच अट घातली, मुलं खेळायला उतरायच्या आधी आवरायचं. आई, तुला ही बाई आवडली असती. नियम तुझ्याइतकेच कडक आणि कारणं स्वच्छ.

मी मात्र काळजीत होते. पंपरूमच्या भिंतीला पाठ लावली की फाटक नीट दिसत नाही. बाबांना माणसं दिसली नाहीत तर ते बसतील का? शेवटी प्लास्टिकची खुर्ची थोडी तिरकी ठेवली. त्यांना फाटकाची कड दिसते, फाटकावरून येणाऱ्याला त्यांचा फक्त एक खांदा आणि टॉवेल. खाली जुनी पेपरची पानं, बाजूला बादली, माझ्या खांद्यावर ओला नॅपकिन.

ते बसले. फेस लावला. मी पहिला हात फिरवणार एवढ्यात त्यांनी फाटकाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि आवाज एकदम खाली आणून विचारलं, "ती गेली ना गाळ्यावर?"

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं आणि रेझर हातात तसाच राहिला. इतके महिने मी समजत होते की उन्हामुळे, माणसांमुळे, गार वाऱ्यामुळे ते इथे शांत बसतात. तसं नव्हतं. ते चाळीच्या गॅलरीत बसले होते. तुझा डोळा चुकवून. घरात दाढी म्हणजे मोरी, अंधार, हनुवटीवर कपटा. आणि इथे बाहेर, तू कामाला गेल्यावर, त्यांचं राज्य. म्हणजे एवढी वर्षं त्यांनी तुझं ऐकलं, तरी ते मनातून कधी मानलंच नव्हतं. आणि सगळं विसरताना हे एवढं बरोबर लक्षात ठेवलंय, की तू आहेस, आणि संध्याकाळी घरी येणार आहेस.

"गेली," मी म्हटलं. "सकाळीच गेली."

"मग कर पटापट. बाय, तुला शाळा नाही आज?"

"सुट्टी आहे."

ते खूश झाले. गाल फुगवला. अर्धी बाजू झाल्यावर थांबून कुठल्याशा गावच्या बोटीची गोष्ट सांगायला लागले, फेस वाळत गेला, मी पुन्हा ओला केला. तळमजल्यावरच्या खिडकीतून बेन ओरडली, "अंकल, एकदम हीरो!" बाबांनी ऐटीत हात हलवला. मला वाटलं नाही की कुणी त्यांना हसतंय. तुलाही वाटलं नसतं, तिथे असतीस तर. कदाचित पक्कड घेऊन आली असतीस, ते वेगळं.

आता दर रविवारी हेच चालतं. दाढी झाली की मी कानामागचा फेस पुसते, पेपर गुंडाळते, बादली गटारात रिकामी करते. त्यांच्या सोबतीने मलाही घाई होते. उगाच फाटकाकडे लक्ष जातं.

गेल्या रविवारी तोंड पुसून झाल्यावर त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "तिला सांगू नको हां. ओरडेल." मी म्हटलं, नाही सांगणार. "शप्पथ?" त्यांनी विचारलं. मी शपथ घेतली.

म्हणून हे पत्र तुला पाठवता येत नाही. खरं तर लिहायलाही नको होतं, पण तुझ्यापासून काही लपवायची सवय मला कधी लागलीच नाही, आणि त्यांचा शब्दही मोडवत नाही. फाडून टाकते थोड्या वेळाने. तू आपली गाळ्यावरच आहेस, असं समजते.