सेल्बीकाका आणि पफिन बोलायला शिकतात

सेंट जॉन्स, न्यूफाउंडलंड
मंगळवार, दाट धुकं

तीर्थरूप ड्रुसिलाकाकूस,

गारलँडचा दोन्ही हात जोडून (एका हातात तळलेल्या पिठाचा गरम टाऊटन होता, तो बशीत ठेवून) नमस्कार. तुझे गुडघे आणि चर्चच्या ऑर्गनवाल्या बाईशी चाललेलं तुझं भांडण, दोन्ही आता निवळली असतील अशी आशा आहे. फोन सोडून पत्र का, असं तू म्हणशील. काकू, फोनवर मी 'हॅलो' म्हणायच्या आत तू माझं उत्तर स्वतःच देऊन, त्यावर रागावून फोन ठेवलेलाही असतो. पत्राला मध्येच तोडता येत नाही. (फाडता येतं. पण ते शेवटपर्यंत वाचून झाल्यावर.)

काकांची तब्येत छान आहे. खातात, झोपतात, माझ्या खोलीचं छत जहाजासारखं गळतं असं हातवारे करून सांगतात. मात्र तू विचारतेस ते बोलण्याचं. मेंदूचा झटका आल्यापासून त्यांचे शब्द हरवलेत ते तुला माहीतच आहे. डॉक्टर म्हणतात शब्द मेलेले नाहीत, त्यांच्यापर्यंत जायची वाट मोडलीय. सकाळी हॉस्पिटलात एक गोड बाई त्यांना चित्रं दाखवते, "हे काय, सेल्बी?" विचारते, आणि काका खिडकीबाहेर बघत बसतात. पहिला आठवडा त्यांनी तोंडच उघडलं नाही. दुपारी घरी ठेवलं, तर त्यांनी डुकराची चरबी तळायला घेतली आणि धुराच्या भोंग्याने अख्खी इमारत रस्त्यावर आली. म्हणून त्यांना माझ्याबरोबर कामावर न्यायला लागलो.

आमच्या कामाबद्दल तू गावात 'गारलँड कॉम्प्युटर दुरुस्त करतो' असं सांगतेस ते आता सोड. विद्यापीठातल्या आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. नोरीन फर्लाँग. (नाव फर्लाँग, पण दिवसाला मैलभर चालतात आणि बोलतात दोन मैल.) त्यांचं म्हणणं असं, की भाषा शिकायला सगळ्या जगाची पुस्तकं गिळायची गरजच काय? "मूल काय लायब्ररी खाऊन बोलायला लागतं का रे? कडेवर बसून ऐकतं, चुकतं, झोपतं, उठून पुन्हा चुकतं!" म्हणून त्यांनी मेंदूच्या धर्तीवर एक यंत्र बांधलंय. नाव पफिन, त्या समुद्रपक्ष्याचं. त्यात मेंदूतल्यासारख्या कृत्रिम पेशी आहेत. काही नवं कानावर आलं तरच त्या ठिणगी टाकतात, एरवी गप्प. एका दिव्याच्या विजेवर चालतं. आणि त्याला रोज झोप लागते, खरंच! झोपेत ते दिवसभर ऐकलेलं मनात घोळवतं. त्या वेळी दारावर 'हळू बोला' अशी पाटी लागते आणि फर्लाँगबाई स्वतः चवड्यांवर चालतात. ते शिकलं आमच्या बोलण्यावरून आणि खोलीत दिवसभर लागलेल्या कोळ्यांच्या रेडिओवरून. त्यामुळे पाहुण्यांना 'नमस्कार' म्हणायच्या ऐवजी 'वारा नैर्ऋत्येचा, समुद्र खवळलेला' असं म्हणतं.

तर मागच्या महिन्यात, काकू, पफिनचं झाकण उघडं होतं, काका शेजारी उभे होते, आणि त्यांच्या त्या दुबळ्या उजव्या हातातून चहाचा मग सुटला. सगळा चहा आत. आधी फस्स झालं, मग जळका वास. फर्लाँगबाई पहिल्यांदाच गप्प झालेल्या मी पाहिल्या. तपासलं तर एक तृतीयांश पेशी गेलेल्या, आणि नेमक्या वस्तूंची नावं जिथे बसली होती तिथल्याच. बाईंची कित्येक वर्षांची मेहनत होती ती. त्या उठून बाहेर गेल्या आणि जिन्यात रडल्या. (मी पाहिलं नाही असं आमचं दोघांचं ठरलंय.) काकांनी टोपी डोक्यावर घातली, कोटाची बटणं लावायला घेतली. त्यांचा चेहरा मला बघवेना. गावाकडची बोट मिळेल का, असं ते हातानेच विचारत होते.

तेवढ्यात पफिन बोललं. आवाज तोच, पण अडखळत. "ते... पडलं. ते... चहाचं. हातात... धरायचं ते."

काकांचा हात बटणावरच थांबला. ते वळले. यंत्राकडे असं बघायला लागले, जसं परमुलखात कुणी आपल्या गावची बोली बोलावी. मी 'मग' म्हणणार होतो, तर त्यांनी माझ्या पायावर बूट ठेवला. नंतर खुर्ची ओढून बसले आणि कितीतरी वेळाने म्हणाले, "हो. ते. कान असलेलं... ते."

"कान," पफिन म्हणालं.

"कान," काका म्हणाले, आणि हसायला लागले. किती महिन्यांनी, ते तूच सांग.

दुसऱ्या दिवसापासून काका माझ्याआधी कोट घालून तयार. फर्लाँगबाईंनी नवी पेशी जोडायची नाही असं ठरवलं. "उरलेल्या काय करतात बघू या." दोघं समोरासमोर बसायचे. मध्ये एकेक वस्तू: चहाचा मग, दोरी, बूट, कांदा. काका शब्द शोधत असले की खोलीत शांतता पसरायची, आणि पफिन थांबायचं. कितीही. त्याला कंटाळा येतच नाही गं. आवाज नसला की त्याच्या पेशी स्वस्थ असतात, वाट बघायला त्याला काहीच कष्ट पडत नाहीत. आपण माणसं वाट बघताना जळत असतो. घाईघाईने दुसऱ्याच्या तोंडात शब्द कोंबतो आणि त्याला मदत म्हणतो. (कोंबणाऱ्यांत मी पहिला. दुसरं नाव घेत नाही.)

तोटाही झाला. काकांना सगळ्यात आधी परत मिळाल्या त्या शिव्या, बोटीवरच्या, जुन्या आणि रसरशीत. पफिनने त्या एका बैठकीत उचलल्या. गेल्या गुरुवारी विद्यापीठाचे मोठे साहेब पाहायला आले, तेव्हा पफिनने त्यांना वाऱ्याची दिशा सांगितली आणि त्याच दमात त्यांच्या आईची चौकशी केली. फर्लाँगबाई म्हणाल्या, "पाहिलंत? संदर्भ किती अचूक पकडतं!"

पण काकू, मला सांगायचंय ते वेगळंच. काल बाईंनी आम्हाला पडद्यावर पफिनच्या आतलं चित्र दाखवलं. मधोमध मेलेल्या पेशींचा काळा डाग. आणि काका 'दोरी' म्हणाले, तशा त्या डागाच्या कडेकडेने ठिणग्या पेटत गेल्या. आधी एक, मग शेजारची, मग वळसा घालून पलीकडे. त्या शेजारच्या पेशींचं ते कामच नव्हतं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी स्वतः त्यातल्या तारा जोडल्यात, तरी माझ्या अंगावर काटा आला. बाई हळूच म्हणाल्या, "सेल्बी, असंच काहीसं तुमच्याही डोक्यात चाललं असणार."

काकांनी टोपी काढली. चर्चमध्येसुद्धा दोनदा सांगितल्याशिवाय न काढणारा माणूस! डोक्यावरून तळवा फिरवला, आत कुणी झोपलं असावं इतका हळू.

हॉस्पिटलातली बाई म्हणते श्रेय तिच्या चित्रांचं. असेल, आता काका तिच्याशीही बोलतात. मी वाद घालत नाही. आणि काकांचं पहिलं सबंध वाक्य ऐकायचंय? काल जेवताना ताटातल्या माशाकडे बघून म्हणाले, "ड्रुसिला कॉड फार शिजवते."

सगळ्यांना माझा नमस्कार. तुझ्या रागाला साष्टांग.

तुझा पुतण्या,
गारलँड

ता. क. काका शनिवारी येणार असं मी तुला कळवलं होतं. ते येत नाहीत. अजून तीन आठवडे राहायचं म्हणतात, आणि तुला सांगायची हिंमत नसल्याने हे सबंध पत्र माझ्याकडून लिहवून घेतलंय. परवानगी दे.

पुन्हा ता. क. ते घरी आले आणि बोलता बोलता अडले, तर काकू, तू चुलीकडे बघ, मांजराकडे बघ, पण शब्द पुरवू नकोस.

शेवटचं. पाकीट बंद करू देईनात. त्यांना स्वतः एक ओळ सांगायची आहे. म्हणतात तशीच उतरवतो: "ड्रू, इथे सगळं बरं आहे. पण तुझ्याशिवाय मला फार..."

पुढचा शब्द शोधतायत. डोळे मिटून बसलेत. टपालाची गाडी खाली भोंगा वाजवतेय आणि मला निघायला हवं. जागा मोकळी सोडलीय. तू भरू नकोस. ते येऊन भरतील.