पाठकोरा तक्ता

आबा, आज खिडकीपाशी एक माणूस आला आणि मला तुमचा राग आला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर रागवायलासुद्धा समोर दुसरं कुणीतरी लागतं. सुप्याचा होता. फौजेतून सुटून आलेला, केस अजून तसेच बारीक, पायात काळे बूट, आणि कागदांची पिशवी छातीशी धरलेली, तुम्ही धरायचात तशी. शेजारी त्याची लेक, यंदा बारावी झालेली. बारामतीच्या ज्या कॉलेजात मी प्रवेशाच्या खिडकीवर बसते, तिथं माजी सैनिकांच्या मुलांचे अर्ज माझ्याकडेच येतात. त्यानं पिशवीतून डिस्चार्ज बुक काढलं, काचेखालून आत सरकवलं आणि विचारलं, "ताई, जवानाच्या पोरास्नी हितं फी माफ हाय न्हवं?" सह्या झाल्यात. आत्ता तो झेरॉक्स काढायला आणि चहा प्यायला बाहेर गेलाय. जेवणाची सुट्टी संपली की लेकीचे मूळ दाखले घेऊन येईल. ते एकदा माझ्या कपाटात गेले की पोरगी इथून हलत नाही. डबा उघडायची इच्छा नाही, म्हणून तेवढ्या वेळात तुम्हाला लिहितेय. कागद पाठकोरा आहे, तुम्हाला आवडला असता.

पाठकोऱ्या कागदांवरच तर तुम्ही मला शिकवलंत. लोणी देवकरला कारखान्याच्या गेटवर वॉचमन होतात तेव्हा तिथले गाड्यांच्या नोंदींचे जुने कागद घेऊन यायचात, वरकुट्याच्या घरी चुलीपुढं बसून दाभणानं टोचायचात आणि सुतळीनं शिवून त्यांची वही करायचात. एका बाजूला कुणाकुणाच्या ट्रकचे नंबर, दुसऱ्या बाजूला माझी गणितं. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "पोरीला एक धड वही आणा की वो." तुम्ही म्हणायचात, "कागदाची एक बाजू कोरी हाय ना, मग झालं." एकदा मी गणितं सोडून ट्रकांची बाजू वाचत बसले होते. कुठला ट्रक कधी आला, कधी गेला, मला गंमत वाटत होती. तुम्ही मागून पाठीत धपाटा घातलात. "ती बाजू आपली न्हाय. आपली कोरी." आठ वर्षांची होते मी. हातात आलेल्या कागदाची छापील बाजू वाचायची नसते, हे तुम्ही मला इतक्या लवकर शिकवलंत. फार छान शिकवलंत, आबा.

बारावीनंतर हायवेच्या कडेच्या त्या कॉलेजात आपण गेलो तो दिवस मला जसाच्या तसा आठवतो. भिंतीवर तिरंग्याच्या चित्राखाली छापील कागद आहे, 'माजी सैनिकांच्या पाल्यांना फी माफ'. तुम्ही बोट ठेवून तीनदा वाचता. तुम्ही फौजेतून हवालदार म्हणून सुटलात, पण तिथला क्लार्क तुम्हाला सुभेदारसाहेब म्हणाला आणि तुम्ही त्याला दुरुस्त केलं नाहीत. खुर्चीत आणखी ताठ झालात, एवढंच. त्यानं एकापाठोपाठ एक सहा कागद सरकवले, "सुभेदारसाहेब इथं, आता इथं," आणि तुम्ही सहाही कागदांवर सही ठोकलीत. सहीखाली फौजेतला नंबर, नंबरापुढं रँक. बाहेर आल्यावर मी विचारलं, "आबा, वाचलं का न्हाय?" तर मलाच हसलात. "अगं, पलटणीत रोज सांच्याला हुकूम वाचून दावत्यात आन् आमी खाली सही करतो. सही म्हंजी हजर. हुकूम ऐकला, आमी तितं व्हतो, एवढंच त्याचं." उभी नोकरी तुम्ही सहीला हजेरी समजून काढलीत. छावणीच्या गेटाबाहेरच्या जगात सही म्हणजे कबुली असते, हे पलटणीनं तुम्हाला सांगितलं नाही आणि तुम्ही कुणाला विचारलं नाहीत. विचारायला कमीपणा वाटला असेल सुभेदारसाहेबांना.

माफ होती ती फक्त शिकवण्याची फी. सहाव्या कागदावर बारीक अक्षरात बाकीची यादी होती. इमारत, प्रयोगशाळा, होस्टेल, बस, गणवेश, आणि सगळ्यांत शेवटी 'इतर'. ते सगळं आपण भरायचं. तळाशी एक ओळ होती, 'सर्व शुल्क मला समजावून सांगितले असून ते मला मान्य आहे.' तिच्याखाली तुमचा नंबर. दोन वर्षं कॉलेजनं हूं की चूं केलं नाही. तिसऱ्या वर्षी थकबाकीची नोटीस माझ्या हातात दिली. मी ती तुम्हाला दाखवलीच नाही, पुस्तकात घालून ठेवली. वाटलं, होईल काहीतरी.

आणि त्याच कॉलेजनं सव्वीस जानेवारीला तुमचा सत्कार ठेवला. काय तुमची धांदल! आईनं मेडलं चिंचेनं घासून दिली, तुम्ही टोपी तिरकी घालून आरशात दोनदा बघितलंत. स्टेजवर शाल झाली, नारळ झाला, आणि माईक हातात आल्यावर तुम्ही सोडायलाच तयार नाही. "माझ्या लेकीला हितं फुकाट शिकिवत्यात. जवानाचा मान राखला या कॉलेजनं. आमाला दुसरं काय न्हाय पायजे." मी मागं नोटीस बोर्डापाशी उभी. बोर्डावर आदल्याच दिवशी यादी लागली होती, थकबाकीमुळं परीक्षेला बसता येणार नाही अशा मुलांची. वरून तिसरं नाव माझं. माझ्या वर्गातल्या पोरी आधी यादीकडं बघत होत्या, मग स्टेजकडं, मग माझ्याकडं. एकीला हसू आवरेना, तिनं तोंडात ओढणी कोंबली. टाळ्या मात्र खूप वाजल्या. त्या तुम्हाला खऱ्या वाटल्या.

परतताना एसटीत तुम्ही शाल अंगावरच ठेवली होती. भर गाडीत मी तोंड सोडलं. "परीक्षेला बसू देत न्हाईत मला. तुमचीच सही हाय त्याच्यावर. नंबर घालून." तुम्हाला काही कळेचना. "पण माफ हाय की गं." "काय माफ हाय? भिंतीवरचं तेवढं वाचता येतं, आन् सही करताय त्याच्यावरचं न्हाय येत? असल्या अडाण्याच्या हातात बंदूक दिली तरी कुणी?" कंडक्टरनं वळून बघितलं. पुढच्या बाकावरच्या बाईनं चुकचुक केलं, ते माझ्यासाठी होतं की तुमच्यासाठी, देव जाणे. तुम्ही टोपी काढून मांडीवरच्या नारळावर ठेवलीत. इंदापूर जवळ आलं तेव्हा कुठं एक वाक्य बोललात, "तू शेजारीच बसली व्हतीस, बाय." मी खिडकीबाहेर बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी तुम्ही कॉलेजात गेलात. तुम्हाला सुभेदारसाहेब म्हणणाऱ्यानंच दुपारपर्यंत बाहेरच्या बाकावर बसवलं आणि मग तुमची सही तुम्हाला दाखवली. माझे मूळ दाखले त्यांच्या कपाटात, बाकी भरल्याशिवाय सुटायचे नाहीत. दाखल्यांवाचून दुसरीकडं नाव कोण घालून घेणार? मी घरी बसले. तुम्ही गेटवर दोन-दोन पाळ्या करायला लागलात. मेडलं ट्रंकेत गेली ती परत निघाली नाहीत. तुम्ही गेटच्या वहीत सही करताना नंबर घालायचं सोडलंत, हे आम्हाला तुमच्या पाळीतल्या जोडीदाराकडून कळलं, तुम्ही त्याच गेटवरच्या खुर्चीत बसल्याजागी गेलात त्या दिवशी. सगळे रडत होते. मी रडले नाही. माझ्या मनात पहिलं हेच आलं की आता माझे दाखले कोण सोडवणार. वाईट वाटलं तर वाटू द्या, पण हेच आलं.

पुढं आईनं पाटल्या मोडून दाखले सोडवले आणि मी घरी बसून बी. ए. केलं. इथल्या मुलाखतीला संस्थाचालकांनी माझी मार्कशीट बघितलीसुद्धा नाही. म्हणाले, "गावाकडची बोली येते ना? फौजी माणसं साहेबी मराठीला बिचकतात." मी "व्हय की, का न्हाय यायची" म्हणून दाखवलं, ते खूश झाले. दर जूनला माझी ऑर्डर नव्यानं निघते, माझ्या खिडकीवरून फौजींच्या पोरांच्या जागा भरल्या तर. आमच्याकडं आता तक्ता असतो, आबा. तीन रकाने. माफ काय, आधी भरून नंतर परत काय मिळणार, आणि तुम्ही भरायचं काय. तिसरा रकाना पान संपेपर्यंत जातो. प्रवेशाआधी हा तक्ता पालकाला समजावून द्यायचा आणि 'वाचले, समजले, एक प्रत मिळाली' यावर सही घ्यायची. तपासणीला येणारी माणसं सही बघतात आणि चहा पिऊन जातात. तक्ता खरोखर वाचलेला पालक मात्र दारातूनच मागं फिरतो, म्हणून तो सहावा ठेवायचा. पहिल्या वर्षी तो सरकवताना मी पालकाकडं बघायची नाही. आता बघते. खोटं कशाला बोलू, कधीकधी बरंसुद्धा वाटतं. माझ्या वेळी सगळे मूग गिळून बसले होते, मग दुसऱ्याच्या पोरीसाठी मी का म्हणून जीव टाकू?

तर सुप्याच्या माणसाला मी म्हणाले, "व्हय भाऊ, माफ हाय. बसा की निवांत." डिस्चार्ज बुकात नाईक लिहिलं होतं, मी हवालदारसाहेब म्हणाले. त्यानंही दुरुस्त केलं नाही. माझी बोली ऐकून त्याचा चेहरा सैल झाला. "तुमच्या घरात हाय का कोन फौजेत?" "हायेत की, माझे आबा. हवालदारच." "मग काय, घरच्यावानीच झालं," म्हणाला आणि पेनाचं टोपण काढलं. तुमच्या नावावर सहाही कागद संपले. प्रत्येक सहीखाली त्यानं नंबर घातला.

पोरगी मात्र वाचत होती. सहावा कागद बापापुढं आला तशी तिची मान किंचित वाकडी झाली. डोळे तिसऱ्या रकान्यावरून खाली खाली गेले, तळाशी थांबले आणि वर माझ्याकडं आले. मला वाटलं, आता ही बापाचा दंड धरणार. धरावा, असंही वाटलं, अगदी क्षणभर. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसून राहिली. तिला शिकायचंय, आबा. बोलली असती तर बाप उठून तिला सुप्याला घेऊन गेला असता, आणि वर्षा-दोन वर्षांत तिचं लग्न लावून दिलं असतं. हे मला कसं ठाऊक, ते तुम्ही एसटीतच ओळखलं होतंत.

मी वाचला होता तो कागद. तुम्ही सहीखाली नंबर घालत होतात तेव्हा सगळी यादी वाचली होती, 'इतर'पर्यंत, आणि तळाची ओळसुद्धा. ब्र काढला नाही. मला त्या कॉलेजात जायचं होतं, आणि वाटलं, आबा करतील काहीतरी. भर गाडीत मी तुम्हाला अडाणी म्हणाले तेव्हा आपल्या दोघांत वाचून गप्प बसलेलं कोण होतं, हे मला चांगलं ठाऊक होतं.

मघाशी तो आला म्हणून थांबावं लागलं. आता साडेचार वाजलेत. "ताई, आणलं बघा समदं," म्हणत तो खिडकीत उभा राहिला, आणि मी घाईघाईनं हे पत्र पालथं घातलं. त्याबरोबर तक्ता वर आला. कारण पाठकोरा म्हणून मी जो कागद ओढला तो तक्त्याचीच प्रत आहे, त्या माणसाला द्यायची होती ती. काचेच्या अलीकडं तिन्ही रकाने उघडे पडले. तो वाकून म्हणाला, "ह्यो कागद आमचा हाय का, ताई?" पोरीनं ओढणीचं टोक पुन्हा बोटाला गुंडाळलं. मी म्हणाले, "न्हाय. तुमचा न्हाय." त्यावर फाईल ठेवली, दाखले तपासून कपाटात टाकले आणि किल्ली फिरवली. सुप्याची गाडी पाचला आहे. स्टँड इथून दहा मिनिटांवर आहे, मनात आणलं तर हा कागद घेऊन त्याला अजून गाठता येईल. मी उठलेले नाही.

हे पत्र कुठं जायचं नाही, फाईललाही लावता येणार नाही, फाडूनच टाकावं लागेल. पण निघताना तो टाच जुळवून म्हणाला, "तुमच्या आबास्नी माझा जयहिंद सांगा." तुम्ही गेलात हे मी त्याला सांगितलं नव्हतं, जिवंत फौजी या खिडकीवर जास्त कामाला येतो. निरोप तुमचा होता, तो माझ्यापाशी कशाला ठेवू, म्हणून सांगितला.